महिन्यात मोजकेच फोन करणाऱ्याने रिचार्ज कोणता मारावा

आमच्या दोन्ही घरांतले, म्हणजे माहेरचे आणि सासरचे, सगळे रिचार्ज माझ्याकडे आहेत. असं कोणी ठरवून दिलं नव्हतं, मी जळगावला नोकरीला, फोनवरून पैसे भरता येतात, त्यामुळे एकेक करत सगळ्यांचे नंबर माझ्या यादीत आले आणि राहिले. आता दिवसाला दोन जीबी संपवणाऱ्यांचा विषय वेगळा, त्यांच्यासाठी ढीगभर माहिती मिळते. मला लिहायचंय ते फोन कमी वापरणाऱ्यांबद्दल. चोपड्याकडचे माझे नाना, अमळनेरच्या सासूबाई, सुरतला उधन्यात राहणारी आत्या, आणि नानांच्या मळ्यात वर्षाच्या बोलीवर काम करणारे सालदार दादा. ह्या चौघांना फोन लागतो, खूप लागतो, पण त्यांचा वापर बघितला तर कंपन्या जे विकतात त्यातलं निम्मंही त्यांच्या कामाचं नसतं आणि पैसे मात्र पूर्ण जातात. ह्याचा मला मनापासून त्रास होतो म्हणून सविस्तर लिहितेय.

नानांचा फोन कीपॅडचा आहे. त्यांना फोन करणारे भरपूर, केळीचा व्यापारी, कृषी केंद्रवाला, वायरमन, आम्ही दोघी बहिणी, पण ते स्वतः फोन लावतात तो कामापुरता, दोन वाक्यं बोलून ठेवून देतात. नेट त्यांच्या फोनवर चालतच नाही म्हटलं तरी चालेल. तरी गावातला रिचार्जवाला त्यांना दर वेळी डेटावाला प्लॅन मारायचा, रोज दीड जीबी, आणि नाना पैसे देऊन घरी यायचे. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "माले नेट कसाले? माले ते फक्त बोलानं शे." बरोबरच आहे ना त्यांचं. ज्या माणसाला फक्त बोलायचंय त्याला फक्त बोलण्याचा प्लॅन मिळायला पाहिजे, आणि आता तो मिळतो, पण मागितल्याशिवाय कोणी दाखवत नाही.

पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यातून काढून टाकायला हवी, ती म्हणजे "जेवढं बोलू तेवढेच पैसे". आपल्या वरच्या पिढीच्या डोक्यात अजून तेच आहे आणि त्याला कारणही आहे. १९९५ ला आपल्याकडे मोबाईल आला तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे, ते २००३ च्या मे महिन्यापासून बंद झालं, इनकमिंग फुकट झालं, आणि खेड्यापाड्यात मोबाईल पसरला तो त्यानंतर. मग २००५ च्या शेवटी ९९९ रुपयांत लाइफटाइम आलं. नानांचं सिम त्याच काळातलं, एकदा पैसे भरले की आयुष्यभर इनकमिंग, आणि बोलायचं असेल तेव्हा दहाचं कार्ड आणून खरवडायचं. २००९ ला टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा केला, मागोमाग बाकीच्यांनाही करावं लागलं. कमी बोलणाऱ्या माणसासाठी तो खरा सोन्याचा काळ होता, आठवड्यात तीन-चार फोन करणाऱ्याचा पन्नासचा बॅलन्स महिनोन्‌महिने पुरायचा, आणि मिस्ड कॉल तर होताच.

हे संपलं २०१८ च्या शेवटी. २०१६ च्या सप्टेंबरला जिओ आलं, बोलणं फुकट आणि पैसे डेटाचे असा सगळा बाजार फिरला, आणि मग जुन्या कंपन्यांनी सांगितलं की सिम चालू ठेवायचं तर दर २८ दिवसांनी किमान ३५ रुपयांचा रिचार्ज मारा, लाइफटाइम असो नाहीतर अजून काही. तेव्हापासून आपण पैसे देतो ते दिवसांचे. बोला नाहीतर बोलू नका, नंबर जिवंत ठेवायचे ते पैसे आहेत, घरभाड्यासारखे. ३५ चे पुढे ७९ झाले, ९९ झाले, १५५ झाले, आणि जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाचा २८ दिवसांचा साधा प्लॅन १९९ ला गेला, जिओचा १८९ ला. सहा वर्षांत ३५ चे १९९.

टॉपअप अजून मिळतं, दहा रुपयांचं मारलं की ७ रुपये ४७ पैसे बॅलन्स येतो, बाकीचे कर आणि प्रोसेसिंग फीमध्ये जातात. पण त्याने व्हॅलिडिटी वाढत नाही! हे लोकांना कळतच नाही. सालदार दादांच्या बॅलन्समध्ये चाळीसेक रुपये दिसत होते आणि फोन लागत नव्हता, ते बिचारे समजत होते की फोन बिघडला. फोन चांगला होता, दिवस संपले होते. कोणी म्हणालं बॅलन्स आहे तरी फोन लागत नाही, तर आधी व्हॅलिडिटीची तारीख बघा.

आता कामाचं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांसाठी नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम बदलला आणि सगळ्या कंपन्यांना सांगितलं की फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले प्लॅन ठेवलेच पाहिजेत, आणि अशा व्हाउचरची मुदत आधी ९० दिवसांच्या वर नेता येत नव्हती ती ३६५ दिवसांपर्यंत नेली. ह्याच्यामागे विचार सरळ होता, देशात जवळपास १५ कोटी लोक अजून साधा फोन वापरतात, घरात वायफाय असणारे म्हातारे लोक आहेत, दोन सिमवाले आहेत, त्यांना डेटा कशाला विकायचा. मला हा निर्णय फार चांगला वाटला. जानेवारी २०२५ मध्ये प्लॅन आले. सुरुवातीला एअरटेलने वर्षाचे १९५९ लावले आणि जिओने १९५८, ट्रायने सांगितलं की आम्ही हे तपासणार आहोत, आणि थोड्याच दिवसांत एअरटेलचा वर्षाचा १८४९ झाला, ८४ दिवसांचा ४६९. जिओने १७४८ केला पण दिवसही ३६५ चे ३३६ केले, ते लक्षात घ्या, आणि ८४ दिवसांचा ४४८. व्होडाफोन-आयडियाचाही वर्षाचा १८४९ आला. बीएसएनएलचा ९० दिवसांचा ४३९ होता. सगळ्यात बोलणं अनलिमिटेड, एसएमएस थोडे, डेटा शून्य. हे आकडे २०२५ च्या सुरुवातीचे आहेत, मारायच्या दिवशी कंपनीच्या ॲपवर किंवा ट्रायची जी प्लॅन शोधायची साइट आहे तिच्यावर बघूनच मारा.

हिशोब करताना मी कायम वर्षाचा करते आणि सगळ्यांना तेच सांगते. २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे महिन्याचा नाही, वर्षात तो १३ वेळा मारावा लागतो. १९९ गुणिले १३ म्हणजे २५८७. तेच बोलण्याचा वर्षाचा प्लॅन १८४९. फरक ७३८ रुपयांचा. दिवसावर काढलं तर १९९ वाला दिवसाला ७ रुपये ११ पैसे पडतो, ४६९ वाला ५ रुपये ५८ पैसे, १८४९ वाला ५ रुपये ७ पैसे. जिओचा १७४८ वरवर स्वस्त दिसतो, १०१ रुपयांनी, पण ३३६ दिवसांनी भागलं की दिवसाला ५ रुपये २० पैसे होतात, म्हणजे थोडा महागच. बीएसएनएलचा ४ रुपये ८८ पैसे, ह्या सगळ्यांत कमी. किंमत भागिले दिवस, एवढंच गणित. नानांना मी सातवी-आठवीतल्या भाचीकडून करून दाखवलं, तिने पाटीवर मांडलं तसं त्यांना लगेच पटलं.

पण स्वस्त म्हणून उठून बीएसएनएल घेऊ नका, किंवा घ्या, पण आधी रेंज बघा. माझ्या मते कमी वापरणाऱ्यासाठी किमतीच्या आधी रेंज येते. जो माणूस दिवसाला पन्नास फोन करतो त्याचा एखादा नाही लागला तर तो परत लावतो. पण जो अडीनडीला एक फोन करतो त्याचा तो एक लागलाच पाहिजे, साप निघाला, मोटर जळाली, कोणाची तब्येत बिघडली, त्या वेळी लागला नाही तर वर्षभर वाचवलेले ७०० रुपये काय करायचे. आणि रेंज बघायची ती घरात नाही, जिथे माणूस दिवस काढतो तिथे. नानांच्या घरी तिन्ही-चारही कंपन्यांच्या काड्या फुल्ल असतात, मळ्यात सातपुड्याच्या बाजूला गेलं की एकच कंपनी नीट चालते. म्हणून मी काय केलं, वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असलेले घरातलेच फोन घेऊन मळ्यातल्या झोपडीपाशी, विहिरीपाशी, रस्त्यावर, प्रत्येक ठिकाणाहून फोन लावून बघितला. नुसत्या काड्या बघून उपयोग नसतो, बोलून बघा, आवाज तुटतो का ते कळतं. अजून एक, लाईट गेल्यावर परत बघा. आमच्याकडे शेतातली लाईट कधी रात्रीची कधी दिवसाची, आणि काही टॉवर असे आहेत की लाईट जाऊन तास-दोन तास झाले की रेंज जाते. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या लोकांना तर हे सांगायलाच नको, तिकडे गावागणिक एखादी ठरलेली टेकडी असते जिथे जाऊन बोलायचं, त्यांनी टेकडीवर जे लागतं तेच सिम घ्यावं, बाकी सगळे हिशोब नंतर. बीएसएनएलचं ४जी सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर सुरू झालं असं जाहीर झालं, त्यामुळे पूर्वी जिथे ते चालत नव्हतं तिथे परत एकदा बघायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट फोनची. जुना कीपॅडचा २जी फोन असेल तर जिओचं सिम त्यात चालत नाही, जिओला २जी नाहीच. दुकानात कोणी स्वस्त म्हणून जिओ गळ्यात मारलं आणि घरी येऊन फोनमध्ये टाकलं की नेटवर्कच येत नाही, असं आमच्या गल्लीत झालेलं आहे. उलट नवीन फोन घ्यायचाच असेल तर जिओभारतचा विचार करा, २०२३ ला तो ९९९ रुपयांना आला, कीपॅडचाच पण ४जी, आणि त्याच्यासाठी वेगळा २८ दिवसांचा १२३ रुपयांचा प्लॅन निघाला, दिवसाला ४ रुपये ३९ पैसे आणि वर थोडं नेट. पण त्यात फक्त जिओचंच सिम चालतं, दुसरं टाकता येत नाही, म्हणून तुमच्या मळ्यात जिओ चालतं ह्याची खात्री असेल तरच.

नानांना शेवटी एअरटेलचा बोलण्याचा वर्षाचा मारला, त्यांच्या मळ्यात तेच चालतं म्हणून, तुमच्याकडे दुसरं चालत असेल. मारताना रिचार्जवाला म्हणाला असा प्लॅनच नाही ताई. होता. ॲपमध्ये खाली खाली गेलं की वेगळ्या टॅबमध्ये असतो, वरच्या दोन स्क्रीनवर सगळे डेटाचे. दुकानदारावर मी चिडले नाही, त्याच्या ॲपवर जे आधी दिसतं तेच तो विकतो, त्याला आकडा सांगावा लागतो. म्हणून घरच्या म्हाताऱ्या माणसांना प्लॅनचं नाव नका सांगू, आकडा कागदावर लिहून द्या, "१८४९, बोलण्याचा, वर्षाचा", तो कागद ते दुकानात दाखवतील.

आता सासूबाईंचं. त्यांच्याकडे स्मार्टफोन आहे, घरात वायफाय आहे, आम्ही व्हॉट्सॲपवरच बोलतो. सिम लागतं ते ओटीपीला. बँकेला तोच नंबर, गॅसला तोच, आधारला तोच. घरात सगळे म्हणत होते की कशाला त्यांच्या नंबरला रिचार्ज मारायचा, आधारला मुलाचा नंबर लावून टाकू, सिम बंद करून टाकू. लावता येतो, एकाच नंबरला घरातल्या अनेकांचं आधार जोडता येतं. पण मी ह्याला ठाम नाही म्हटलं आणि अजूनही माझं तेच मत आहे. ज्या बाईच्या खात्यात पैसे येतात त्या खात्याचा मेसेज तिच्याच हातात यायला पाहिजे. लाडकी बहीणचे १५०० येतात त्याचा मेसेज मुलाच्या फोनवर गेला की आईला विचारावं लागतं, आले का रे पैसे. २०२५ ला त्या योजनेचं ई-केवायसी सुरू झालं तेव्हा आधारच्या नंबरवर ओटीपी जाणार म्हटल्यावर गावोगाव बायकांची धावपळ झाली, कोणाचा नंबर बंद पडलेला, कोणाचा दीर मुंबईला तर नंबर त्याच्याकडे. पीएम किसानच्या केवायसीलाही असंच झालं होतं. मग आधार केंद्रावर जा, बोटं द्या, ७५ रुपये भरा, रांगेत दिवस घालवा. वर्षाचा रिचार्ज ह्या त्रासापुढे जास्त नाही.

नुसत्या ओटीपीसाठी नंबर ठेवायचा असेल तर किती स्वस्तात ठेवता येतो, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लोक विचारतात. वीस रुपयांत सिम चालू राहतं असं व्हॉट्सॲपवर फिरत असतं, जानेवारी २०२५ मध्ये तर ट्रायचा नवीन नियम म्हणून बातम्याच झाल्या. नियम नवीन नाही, २०१३ चा आहे. त्यात म्हटलंय की ९० दिवस सिम काहीच वापरलं नाही, ना फोन ना मेसेज ना नेट, तर कंपनी ते बंद करू शकते, पण बॅलन्समध्ये २० रुपये किंवा जास्त असतील तर लगेच बंद न करता ते २० कापून अजून ३० दिवस नंबर ठेवायचा, आणि बंद केल्यावरही १५ दिवसांची सवलत द्यायची. म्हणजे ह्याने तुमचा नंबर दुसऱ्याला जाण्यापासून वाचतो, पण प्लॅनची व्हॅलिडिटी संपलेली असेल तर फोन चालू झाला असं होत नाही, आधी आउटगोइंग जातं, काही दिवसांनी इनकमिंगही जातं, आणि मग ओटीपी येणार कुठून. ज्या नंबरवर बँक आहे तो वीस रुपयांच्या भरवशावर सोडू नका. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी नवीन माणसाला देऊ शकते, आणि तुमच्या बँकेला तो अजून जोडलेला असेल तर काय होऊ शकतं ह्याचा विचार करा.

ज्यांच्याकडे दोन सिम आहेत आणि दुसरं फक्त भीतीपोटी ठेवलंय, की कुठे काय जोडलेलं असेल काय माहीत, त्यांनी एक दिवस काढून बसा. बँक, आधार, पॅन, गॅस, एलआयसी, रेशन, विजेचं बिल, एकेक बघून चालू नंबरला जोडा, मग दोन-तीन महिने थांबा, जुन्यावर काही मेसेज येतोय का बघा, आणि मग सोडा. वर्षाचे दोन हजार वाचतील. आणि सिम कोणाच्या नावावर आहे तेही बघून घ्या, संचार साथी नावाच्या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं. खेड्यात कितीतरी नंबर वारलेल्या माणसाच्या नावावर चालू आहेत, रिचार्ज मारत राहिलं तोपर्यंत ठीक, पण सिम हरवलं किंवा पोर्ट करायचं झालं की मालक उभा करायला लागतो.

पोर्टचं निघालंच तर, कंपनी बदलायला घाबरू नका, नंबर तोच राहतो. १९०० वर PORT च्या पुढे नंबर लिहून मेसेज करायचा, आठ अक्षरी कोड येतो, तो चार दिवस चालतो, तेवढ्यात नवीन कंपनीच्या दुकानात जायचं. प्लॅनमध्ये एसएमएस नसले तरी हा मेसेज जायलाच पाहिजे असा ट्रायचा २०२१ चा आदेश आहे. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले पाहिजेत. फक्त एक लक्षात ठेवा, जुन्या कंपनीतले उरलेले दिवस आणि बॅलन्स नवीनकडे जात नाही, म्हणून वर्षाचा प्लॅन मारून दोन महिन्यांत पोर्ट केलं तर पैसे पाण्यात. आधी रेंज बघा म्हटलं ते ह्याच्यासाठी. नवीन ठिकाणी पहिला रिचार्ज २८ दिवसांचाच मारावा, महिनाभर वापरून बघावं, पटलं तर वर्षाचा.

आत्याचं सिम सुरतचं आहे, म्हणजे गुजरात सर्कलचं, फोन कंपन्यांसाठी देशाचे जे भाग पाडलेत त्यांना सर्कल म्हणतात. आपलं जळगाव, धुळे, नंदुरबार महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. अर्धं खान्देश सुरतला पोटापाण्याला गेलेलं, सुट्टीला, लग्नाला, कापणीला लोक येतात-जातात, आणि त्यांच्या मनात अजून रोमिंगची भीती असते. पूर्वी नवापूर स्टेशन आलं की लोक फोन बंद करून ठेवायचे, ते स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये, इकडच्या बाकावर बसलं तर एक नेटवर्क आणि तिकडे दुसरं. आता अनलिमिटेड बोलण्याच्या प्लॅनमध्ये देशात कुठेही बोला, वेगळे पैसे नाहीत. फक्त दुसऱ्याचा रिचार्ज मारताना सर्कल नीट निवडा, काही प्लॅन सर्कलप्रमाणे वेगळे असतात आणि किमतीही.

डेटा नसलेला प्लॅन घेतल्यावर फोनमधलं मोबाईल डेटाचं बटण बंद करून ठेवा. नाहीतर मेन बॅलन्समध्ये पैसे असतील तर ते डेटाला कापले जाऊ शकतात. १९२५ वर STOP असा मेसेज पाठवला तर कंपनीकडूनच डेटा बंद होतो, स्मार्टफोन असलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी हे चांगलं. आणि कीपॅड फोनवर ते मधेच स्क्रीनवर काहीतरी येतं, भजन, क्रिकेट, राशी, आणि माणूस ओके दाबतो, आणि पैसे जातात, ते बंद करायला १५५२२३ नंबर आहे, सगळ्या कंपन्यांना तोच, फोन लावायला फुकट. नानांच्या फोनवर कॉलर ट्यून अशीच लागलेली होती, त्यांना ती ऐकूच येत नव्हती कारण ती समोरच्याला ऐकू येते! एखाद्या दिवशी नेट लागलंच तर एक दिवसाचं डेटा व्हाउचर वीस-तीस रुपयांत मिळतं, पण आपल्या बोलण्याच्या प्लॅनवर ते चालतं का हे घ्यायच्या आधी कंपनीला १९८ वर विचारून घ्या.

तारखेचं सांगते. आमच्याकडे सगळं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं साल आखाजीला सुरू होतं, लेकी माहेरी आखाजीला येतात, म्हणून नानांचं म्हणणं होतं की रिचार्जपण दर आखाजीला मारत जाऊ, लक्षात राहील. विचार चांगला आहे पण त्यात एक अडचण आहे. २०२५ ची आखाजी ३० एप्रिलला होती, २०२६ ची १९ एप्रिलला, इथपर्यंत ठीक, दिवस उरतात. पण २०२६ ला अधिक मास आहे, त्यामुळे २०२७ ची आखाजी मे महिन्यात जाते, आणि ३६५ दिवस त्याच्या आधीच संपतात, तीनेक आठवडे फोन बंद. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर इंग्रजी तारीख लाल पेनाने लिहून ठेवली, आणि माझ्या फोनमध्ये पाच दिवस आधीची आठवण.

सालदार दादांचा प्रश्न मात्र अजून मला नीट सोडवता आलेला नाही आणि तो त्यांच्यासारख्या सगळ्यांचा आहे. वर्षाचा प्लॅन स्वस्त हे खरं, पण एकदम १८४९ काढणार कुठून. साल ठरतं तेव्हा उचल घेतात ती घरात, मुलांच्या शाळेत, मागच्या उधारीत जाते. मग ते २८ दिवसांचा १९९ वाला मारतात, आणि ज्याच्याकडे पैसे कमी तोच दिवसाला सात रुपये देतो, ज्याच्याकडे आहेत तो पाच. मध्येच चार-पाच दिवस फोन बंद राहतो कारण आठवडी बाजाराच्या आधी पैसे नसतात, आणि तेवढ्यात नेमकं त्यांच्या गावाकडून, सेंधव्याकडून, फोन येतो आणि लागत नाही. आम्ही सध्या असं केलंय की नानांनी वर्षाचा मारून द्यायचा आणि उचलीत न धरता सालाच्या बोलीतच तो धरायचा, जसे कपडे आणि धान्य धरतात तसा. मळ्यातल्या माणसाचा फोन चालू असणं मालकाच्याही कामाचं आहे, रात्री मोटर चालू करायला फोन कोणाला जातो? माझी सगळ्या शेतकऱ्यांना विनंती आहे की बोली करताना रिचार्ज त्यात घ्या.

आणि ट्रायकडे माझी मागणी अशी की बोलण्याचा प्लॅन दिलात ते चांगलं केलं, आता त्याच्या खालचा एक द्या, फक्त इनकमिंग आणि मेसेजचा, वर्षाचे दोन-तीनशे रुपये, आणि बोलायचं असेल तेव्हा पूर्वीसारखं दहाचं टॉपअप. दहाचं टॉपअप अजून ठेवलंच आहे, त्याला जोडून व्हॅलिडिटी तेवढी स्वस्त पाहिजे. ट्राय असे नियम करण्याआधी लोकांच्या सूचना मागवते, २०२४ ला मागवल्या होत्या तेव्हाच पुढे डिसेंबरचा निर्णय झाला. पुढच्या वेळी मागवतील तेव्हा मी मराठीत लिहून पाठवणार आहे, सालदार दादांचा हिशोब त्यात टाकून. तुमच्या घरात असे कोणी असतील, तर त्यांचाही वर्षाचा हिशोब काढून ठेवा आणि तुम्हीही पाठवा.